माझा दुसरा बाप्तिस्मा

माझा बाप्तिस्मा दोनदा झाला आहे. पहिल्या वेळी मी तीन महिन्यांची होते आणि झोपले होते. दुसऱ्या वेळी मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि भांडत होते.

पहिला नगर जिल्ह्यात, माझ्या माहेरच्या गावी झाला. त्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही. दुसरा म्हैसूरला झाला, रिंग रोडजवळच्या एका कल्याण मंटपाच्या (म्हणजे मंगल कार्यालयाच्या) मागच्या अंगणात, हवा भरून फुगवलेल्या निळ्या टाकीत. त्याबद्दल मात्र अजून चर्चा चालू आहे, आणि तिच्यात तथ्य कमी आणि हशा जास्त आहे. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते.

आम्ही मराठी ख्रिस्ती. म्हैसुरात हे सांगितलं की लोक दोनदा विचारतात. "मराठी?" हो. "आणि ख्रिश्चन?" हो. "दोन्ही?" हो हो, दोन्ही! लग्न होऊन इथे आले तेव्हा कुवेंपुनगरातल्या शेजारीणबाईंनी माझ्या ख्रिसमसच्या करंज्या खाल्ल्या आणि "तुम्ही दिवाळी उशिरा करता का?" असं विचारलं. मी हो म्हटलं. सगळ्या गोष्टी समजावत बसायला मला वेळ नसतो.

आमचं चर्च इंग्रजांच्या काळातलं, दगडी. उपासना कन्नडमध्ये. पंखे सावकाश, पाळकसाहेबांचं (म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं) प्रवचन त्याहून सावकाश. माझे यजमान प्रभाकर चर्चच्या कमिटीवर आहेत आणि मी संडे स्कूलची मुख्य बाई आहे. मुख्य बाई होऊन मला इतकी वर्षं झाली की माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना "विजया टीचर येतील हं!" म्हणून घाबरवतात.

आता थोडं धर्मशास्त्र. (थोडंच. घाबरू नका.) आमच्याकडे बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा करतात. बाळाच्या वतीने आईबाप बोलतात. पुढे मूल पंधरा-सोळा वर्षांचं झालं की ते स्वतः सगळ्यांसमोर उभं राहून सांगतं, 'हो, मला हे मान्य आहे.' त्याला म्हणायचं दृढीकरण. अलीकडच्या नव्या चर्चवाल्यांचं म्हणणं वेगळं. बाळाला काय कळतं? मोठेपणी स्वतः ठरवा आणि नखशिखांत पाण्यात बुडा, तोच खरा बाप्तिस्मा. आमचे लोक म्हणतात, बाप्तिस्मा एकदाच. जो दुसऱ्यांदा घेईल त्याला आमच्या चर्चमध्ये कुठलंही पद नाही.

झालं धर्मशास्त्र. आता माझी मुलगी.

रूथ सोळा वर्षांची, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला). तिचं दृढीकरण दोन रविवारांवर आलं होतं. बिशप येणार होते. पांढरी साडी आणून झाली होती, ब्लाउज शिवून झाला होता. संडे स्कूलच्या मुख्य बाईंची मुलगी म्हणून ती रांगेत पहिली उभी राहणार होती. बिशप जे प्रश्न विचारतात त्यांची तयारी मी सगळ्या मुलांकडून महिनाभर करून घेत होते. "प्रश्न संपला की लगेच 'होय!' असं खणखणीत म्हणायचं. तोंडातल्या तोंडात पुटपुटलात तर देवाला ऐकू जाईल, बिशपांना नाही!"

आणि आमच्या घरात रोज रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना असते. प्रत्येकाने एकेक करून मोठ्याने प्रार्थना करायची, आणि कुणाची प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही. हा नियम मीच केलाय. त्यामुळे घरातली बरीचशी भांडणं आम्ही देवामार्फत करतो. "हे प्रभू, कुणीतरी ओला टॉवेल पलंगावर टाकतं, त्याला सुबुद्धी दे," असं मी म्हणते. "हे प्रभू, दमून आलेल्या माणसाला समजून घेण्याचं मोठं मन दे," असं प्रभाकर म्हणतात. देव बिचारा सगळं ऐकतो.

त्या गुरुवारी रूथची पाळी आली. तिने डोळे मिटले, हात जोडले, आणि एका दमात म्हणाली, "हे प्रभू, या रविवारी मी नव्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेणार आहे, फुल पाण्यात, मी डिसाइड केलंय. आई आता मध्ये बोलणार आहे, तिला सुम्ने, गप्प राहण्याची शक्ती दे. आमेन."

"आमेन," प्रभाकर सवयीने म्हणाले.

मी डोळे उघडले. मग प्रभाकरांनी उघडले. काय ऐकलं ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्यांनी परत मिटले.

पुढची पाळी माझी होती. "हे प्रभू," मी म्हणाले, "या मुलीचा बाप्तिस्मा झालेला आहे हे तुला माहीत आहे. तू होतास तिथे. ती रडली, तिने पाळकांच्या झग्यावर दूध काढलं, आणि मग आम्ही शंभर माणसांना जेवण दिलं. त्या जेवणाची तरी आठवण ठेव! आमेन."

नंतरचं बोलणं देवाला वगळून झालं.

"आई, तेव्हा मी सहा महिन्यांची होते! मला कुणी विचारलं?"

"लस टोचताना तरी कुठे विचारलं होतं?"

"तिथे सगळे प्रश्न विचारू देतात. आपल्या चर्चमध्ये फक्त उत्तरं पाठ करायची."

"अहो, बोला काहीतरी," मी प्रभाकरांना म्हणाले.

"मी काय म्हणतो," प्रभाकर म्हणाले, आणि काहीच म्हणाले नाहीत.

मी सक्ती करणारी आई नाही. आमच्या घरात मतस्वातंत्र्य आहे. रूथने हवं ते मत ठेवावं, फक्त मला आधी सांगावं आणि माझ्या मताशी जुळवून घ्यावं! त्यामुळे दार लावून तिला कोंडणं वगैरे माझ्या डोक्यात आलं नाही. मी ठरवलं की रविवारी आपण शांतपणे तिथे जायचं, तिला बाजूला घ्यायचं आणि घरी आणायचं. आरडाओरडा नाही, कुणाला कळायला नको. संडे स्कूलच्या मुख्य बाईंची मुलगी नव्या चर्चच्या पाण्यात, हे आमच्या कमिटीला कळलं तर तिचं दृढीकरण राहिलं आणि माझं तोंड दाखवणंही.

"तुम्हीही चला," मी प्रभाकरांना म्हणाले.

"रविवारी कडकोळला जायला लागेल. फॅक्टरीत मशीन बंद पडणार आहे."

"पडणार आहे?"

"पडलंय," ते म्हणाले. "तू जा विजू. तू नीट बोलतेस."

रविवारी सकाळी रूथ मैत्रिणीबरोबर लवकर निघून गेली. मी चांगली क्रेपची साडी नेसले, स्कूटर काढली आणि ते नवं चर्च जिथे भरतं त्या मंटपावर पोचले. दारात तरुण मुलामुलींची फौज उभी होती.

"वेलकम होम, आंटी!"

होम? माझं होम कुवेंपुनगरात होतं आणि तिथे डाळ भिजत होती. पण मी हसले. गुप्त कामगिरीवर गेलेल्या माणसाने हसावं.

आत मिट्ट काळोख. समोर लाल-निळे दिवे फिरतायत, ढोल बडवल्यासारखा आवाज, आणि स्टेजवरून पांढरा धूर निघतोय. मला वाटलं शॉर्टसर्किट! मी शेजारच्या मुलाचा दंड धरला. "मेन स्विच यल्ली इदे? कुठेय?" तो म्हणाला, "आंटी, तो स्मोक मुद्दाम सोडलाय, वर्शिपसाठी." मुद्दाम! आमच्या चर्चमध्ये एकदा मेणबत्तीने पडद्याला काळं लागलं तर तीन कमिट्या बसल्या होत्या.

स्टेजवर पास्टर सॅम होते. वय जेमतेम तीस. आमचे पाळकसाहेब इस्त्रीचा झगा घालतात. यांची पँट गुडघ्यावर फाटलेली होती, आणि ती तशीच विकत घेतलेली होती. माणूस मात्र बोलायला गोड. इंग्रजी, कन्नड, मध्येच तमिळ, आणि सगळ्यांशी असा बोलत होता जणू कालच एकत्र डोसा खाल्लाय. आजूबाजूला लोक हातात कागदी कप घेऊन कॉफी पीत उपासना करत होते. (उपासनेत कॉफी! आमच्याकडे खोकल्याची गोळी चघळायलासुद्धा धीर लागतो.)

मी अंधारात रूथला शोधत असताना गाण्याने जोर धरला. माझ्या पुढचा मुलगा आनंदाने उडी मारून वळला, आणि त्याच्या हातातली सगळी कॉफी माझ्या क्रेपवर आली.

"अय्यो! सॉरी आंटी, सॉरी, सॉरी!"

लगेच ब्लेसी नावाची मुलगी धावत आली. वीस-बावीसची असेल, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर भरपूर माया. तिने मला हाताला धरून वधूच्या खोलीत नेलं.

"आंटी, साडी काढून पाण्यात टाकूया, डाग बसायला नको. बदलायला हे घ्या." तिने एका खोक्यातून काळा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट काढली.

"टी-शर्ट? मी?"

"बेरे इल्ला आंटी, दुसरं काहीच नाही. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि."

कॉफीच्या साडीत मुलीला समजवायला जाणं बरं दिसलं नसतं. मी टी-शर्ट चढवला. लग्नाआधी आणि नंतर कधीही मी असलं काही घातलेलं नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते. आरशात समोरून पाहिलं. छातीवर एक छोटंसं कबूतर होतं. ठीक आहे, कबूतर चालेल. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'आज माझी नवी सुरुवात' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. ते मला दिसलं नाही. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

बाहेर आले तर लोक मागच्या अंगणाकडे निघाले होते. मीही गेले. तिथे ती निळी टाकी होती. लहान मुलांच्या खेळण्यातली असते तशीच, पण हत्तीच्या पिल्लासाठी केल्यासारखी. पाणी मांडीपर्यंत. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आचारी मंडळी दुपारच्या कुणाच्या तरी साखरपुड्याचा स्वयंपाक करत होती. आणि टाकीसमोर रांग. रांगेतल्या सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट!

आता मला कळायला हवं होतं. पण माझे डोळे रूथला शोधत होते, आणि ती दिसली. रांगेच्या शेवटी. तिनेही मला पाहिलं. आधी माझा चेहरा, मग कबूतर. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आई?"

"रूथ, आधी इकडे ये."

"आई, तू पण?"

आणि ती धावत येऊन माझ्या गळ्यातच पडली. रडायला लागली! सातवीनंतर या मुलीने मला चारचौघांत मिठी मारलेली नाही. शाळेच्या फाटकाशी सोडायला गेले तरी ती 'तू कोपऱ्यावरच थांब' म्हणायची. "मला वाटलं तू ओरडायला येशील," ती म्हणत होती, "आणि तू तर माझ्याबरोबर..." आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी "हालेलुया!" ओरडलं. ब्लेसी डोळे पुसत होती.

मला बोलता येईना. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं. 'बाई गं, मी तुला कान धरून न्यायला आलेय, हा टी-शर्ट कॉफीमुळे आहे,' हे अशा मिठीत कसं सांगणार? मी म्हटलं, जरा वेळ जाऊ दे, हिचं रडणं थांबलं की सांगू. तोवर उभं राहून काय करायचं? म्हणून मी रांग बघितली.

आणि तिथेच घात झाला.

रांग वाकडी होती! उंच पोरं पुढे, ठेंगणी मागे, चपला वाटेत विखुरलेल्या, टॉवेलांचा ढीग चिखलात. माझ्यासमोर वाकडी रांग असली की माझे हात आपोआप चालतात, ती संडे स्कूलची आहे की रेशनची हे मी बघत नाही. "चपला तिकडे! टॉवेल खांद्यावर घ्या! लांबडू, तू मागे. नीवु मुंदे बन्नि, पुढे या." पोरं मुकाट्याने ऐकत होती. (चांगली मुलं हो, हे सांगायलाच हवं.) असं सरळ करत करत मी पुढे सरकले, आणि रांग दोरीसारखी सरळ झाली तेव्हा तिच्या अगदी टोकाशी, टाकीच्या काठावर, मी स्वतः उभी होते.

"सीनियर्स फर्स्ट! वाव्!" पास्टर सॅम पाण्यातून म्हणाले.

सीनियर? मी सत्तेचाळीसची! त्याचा समाचार घ्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ब्लेसीने आणि आणखी कुणी मला दोन्ही बाजूंनी धरून प्रेमाने आत उतरवलं. पाणी थंडगार. माझा श्वासच अडकला. पास्टर सॅमनी माइक माझ्या तोंडासमोर धरला.

"आंटी, डू यू बिलीव्ह इन जीझस?"

आता मला सांगा. अंगणात दोनशे माणसं, समोर कॅमेरा, हातभर अंतरावर माझी मुलगी. येशूवर विश्वास आहे का, या प्रश्नाला संडे स्कूलच्या मुख्य बाईने काय उत्तर द्यावं? 'नाही' म्हणू? 'थांबा, आधी माझी साडी आणा' म्हणू? शिवाय हाच प्रश्न मी महिनाभर मुलांकडून घोटून घेतला होता. प्रश्न संपला आणि माझ्या छातीतून आपोआप आवाज निघाला.

"होय!"

इतका खणखणीत की शेडमधला आचारी बाहेर डोकावला.

"विल यू फॉलो हिम ऑल युअर लाइफ?"

"होय!"

"डू यू कम हिअर टुडे..."

"होय!" प्रश्न पूर्ण व्हायच्या आत म्हणून टाकलं. मग माझं डोकं पोचलं, पण ते उशिरा पोचलं. पास्टरांचा एक हात माझ्या पाठीवर आणि दुसरा माझ्या जोडलेल्या हातांवर आला होता.

"अहो थांबा! माझं आधीच झालंय! लहानपणीच झालंय!"

"भीती सगळ्यांनाच वाटते आंटी. डोन्ट वरी. निधान, निधान, सावकाश."

"भीती नाही हो, मी दगडी चर्चची..."

उरलेलं वाक्य पाण्याखाली झालं.

मागे पडताना माणूस हाताला लागेल ते धरतं. माझ्या हाताला पास्टर सॅमची कॉलर लागली. माझं वजन मी इथे सांगणार नाही, पण पास्टर सडपातळ होते एवढं सांगते. ते माझ्यावर आले. ब्लेसी त्यांना धरायला गेली, ती त्यांच्यावर आली. तिघं मिळून टाकीच्या कडेवर गेलो. ती कड हवेचीच. ती आधी वाकली, मग फुस्स असा लांबलचक आवाज करून आडवी झाली, आणि अंगणात कावेरी आली.

पाणी चपला घेऊन निघालं. (सरळ रांगेत. मीच लावलेल्या.) मग टॉवेल. मग एका लहान मुलाची खुर्ची, मुलासकट, तो खूश. सगळा लोंढा शेडमध्ये शिरला आणि जमिनीवरच्या मोठ्या शेगड्या एकामागून एक विझल्या. आचारी झारा घेऊन बाहेर आला. "येनप्पा इदु, हे काय! सांबारात पाणी कुणी सोडलं?" आत हॉलमध्ये वाद्यवाल्यांना बाहेरचा आरडाओरडा ऐकू आला. त्यांना वाटलं देवाचा आत्मा उतरला. त्यांनी दुप्पट जोराने वाजवायला सुरुवात केली!

मी चिखलात बसले होते. समोर पास्टर सॅम बसले होते. त्यांच्या पँटचा दुसरा गुडघाही आता फाटला होता.

"आंटी, आर यू ओके?"

"पाणी जरा कोमट करून घालायला काय झालं होतं?" मी म्हणाले.

ते हसायला लागले. मनापासून, पोट धरून. मला माणूस तिथे आवडला, हे कबूल करायला हरकत नाही. आमच्या पाळकसाहेबांना मी चिखलात पाडलं असतं तर पुढच्या वार्षिक सभेत विषय आला असता.

रांगेतले बाकीचे सगळे कोरडे उभे होते. टाकी जमिनीवर डोशासारखी पसरली होती. "नेक्स्ट संडे," पास्टरांनी सगळ्यांना सांगितलं, "नवीन टाकी!"

ओली साडी पिशवीत, ओला टी-शर्ट अंगात, मागे रूथ. अशी मी स्कूटर चालवत निघाले.  मग माझ्या पाठीला तिचं हलणं जाणवलं. मला वाटलं परत रडतेय. आरशात बघितलं तर हसू दाबत होती. "तुझ्या पाठीवर काय लिहिलंय माहितीये?" तिने वाचून दाखवलं. मग दाबलेलं सगळं बाहेर पडलं. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला वळून बघत होता.

"आई, तू मला ओढून न्यायलाच आली होतीस ना?"

"हो."

"गोत्तित्तु. माहीत होतं. पण दोन मिनिटं खरं वाटलं."

 मी गियर बदलला.

"दृढीकरणाला माझं नाव कुणी घातलं?" तिने विचारलं.

"मी."

"मला विचारलंस?"

"सकाळी इडली करायची की उप्पिट, हेसुद्धा मी कुणाला विचारत नाही."

"हे इडलीसारखं नाहीये आई."

सिग्नल सुटला. घर येईपर्यंत मी तिला विचारून टाकलं. मला लांबण लावता येत नाही. "बरं, आता विचारते. तुला दृढीकरण घ्यायचंय का? हो की नाही?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली. इतक्या खणखणीत 'होय'ची महिनाभर तयारी करून घेतल्यावर हे उत्तर!

घरी पोचले तर फोन वाजत होता. पाळकसाहेब. "विजयम्मा," ते म्हणाले, आणि थांबले. "विजयम्मा, तुम्ही बऱ्या आहात ना? लागलं तर नाही?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्या चर्चची उपासना मोबाइलवर थेट दिसते. आमचे पाळकसाहेब ती दर रविवारी आपली उपासना संपली की बघतात. 'केवळ अभ्यासासाठी.' चौकशी केल्यावर कळलं की कमिटीतले जवळजवळ सगळेच केवळ अभ्यासासाठी बघतात. पाळकबाईंनी तर माझं 'होय!' तीनदा मागे नेऊन ऐकलं होतं. आवाज छान आला होता म्हणे.

शनिवारी कमिटी बसायची ठरली. विषय एक: संडे स्कूलच्या मुख्य बाईंनी दुसरा बाप्तिस्मा घेतला आहे काय? घेतला असल्यास पद जाईल. विषय दोन: त्यांची मुलगी दृढीकरण घेणार आहे काय?

तो आठवडा मी विसरणार नाही. प्रभाकर घरात कॅलेंडरच्या मागे लपता आलं तर लपावं असे वावरत होते. बुधवारी ब्लेसीचा फोन आला. नव्या विश्वासूंची विचारपूस करायचं काम तिच्याकडे होतं. "आंटी, मनाला कसं वाटतंय? काही बदल जाणवतोय?" मी म्हटलं, सर्दी झालीय. आणि रूथ! ती काही बोलेना, नुसती माझ्याकडे बघायची. मी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडत होते, ती गॅलरीतून बघत होती. मी सिलिंडरवाल्याला जिन्यातच उभा करून झापलं, ती दाराआडून बघत होती. प्रभाकरांना मी ओल्या टॉवेलावरून बोलले, तेव्हा ती वही मिटून बघत बसली.

"काय बघतेस सारखी?"

"काही नाही. सुम्ने, उगीच."

शनिवारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो. कमिटीत सगळ्यात ज्येष्ठ देवप्रियप्पा. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण शंका भारी.

"डोकं पाण्याखाली गेलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"गेलं होतं."

"पूर्ण?"

"देवप्रियप्पा, तुम्ही व्हिडिओ बघितलाय!"

"अभ्यासासाठी," ते म्हणाले.

मी कॉफीपासून सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी बराच वेळ हनुवटी चोळली आणि निकाल दिला. "मनात नसताना जे झालं तो बाप्तिस्मा नव्हे. ती आंघोळ. विजयम्मांचं पद कायम."

मी सुटले. प्रभाकरांनी श्वास सोडला. सगळे उठायच्या बेतात होते, तेवढ्यात कोपऱ्यातून रूथ म्हणाली, "मग माझीपण आंघोळच का?"

"म्हणजे?"

"मी सहा महिन्यांची होते. माझ्याही मनात काही नव्हतं."

अर्धवट उठलेले परत बसले. देवप्रियप्पांनी शेजाऱ्याला विचारलं, ती काय म्हणाली? शेजाऱ्याने त्यांच्या कानात सांगितलं. तेही बसले. मी जमिनीकडे बघत होते, पण खरं सांगू? पोरीने सगळ्या कमिटीला एका वाक्यात खुर्चीत बसवलं, याचा मला आतून फार आनंद झाला होता. शिकवणी कुणाची!

पाळकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "बरोबर विचारलंस मगू, बाळा," ते म्हणाले. "म्हणून तर दृढीकरण असतं. तेव्हा तुझ्या वतीने आईबाप बोलले. आता तू बोलायचं. त्यांनी नाही. तुझ्या आईला मी या खोलीत बोलू देणार नाही. आणि नाही म्हणालीस तरी तू आमचीच. आता सांग."

मी खरंच बोलले नाही. माझ्या आयुष्यात एवढा वेळ मी गप्प बसलेली नाही. माझे हात पदराखाली घट्ट धरलेले होते.

"होय," रूथ म्हणाली. खणखणीत नाही. पण ऐकू आलं, देवप्रियप्पांनासुद्धा.

मी डोळे पुसायला रुमाल काढला. (सर्दी होती, सांगितलंच आहे.) पण देवप्रियप्पांची एक शंका राहिली होती. "मगू, तिकडे उद्या नवी टाकी येतेय. तुला बुडून घ्यायचं होतं ना? मग ते का सोडलंस?"

रूथने आधी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "मी आठवडाभर आईकडे बघत होते. तिला डोक्यापासून पायापर्यंत बुडवलं, आणि काहीसुद्धा फरक पडला नाही. मग म्हटलं, आपल्या कपाळावर पडलंय तेवढंच पाणी पुरे."

निदान कुणीतरी हसेल म्हणून मी मान वर केली. एकही माणूस हसला नाही. सगळ्या कमिटीने गंभीरपणे माना डोलावल्या, आणि सगळ्यात आधी प्रभाकरांनी.